रिम्शाचा लोटा

नंदुरबार, २८ जून

चि. शकीलास दुआ.

ठण्, ठण्, ठण्, मग जरा थांबून एक हलका टण्. आठवतो का तुला तो आवाज? माझे वालिद तांब्याच्या पत्र्यावर तीन घाव घालायचे आणि चौथा नुसता ऐरणीवर, मनगटाला विसावा म्हणून. शाळेतल्या सगळ्या कविता मी त्या ठेक्यावर पाठ केल्या. गुरुजींची चाल वेगळी असायची, पण घरी आल्यावर कविता आपोआप घावांवर बसायची. तू लग्न होऊन आलीस तेव्हा गल्लीत अजून तीन दुकाने वाजत होती. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "अब्बा, इस ठणठण में नींद कैसी आएगी?" पुढे एकेक दुकान बंद पडले, आणि तूच म्हणालीस की आता गल्ली मेल्यासारखी वाटते.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण आमच्या घरातले सगळे नंबर तू बंद केलेस हे मला माहीत आहे. तक्रार नाही. मागच्या वर्षी दोन दिवसांसाठी म्हणून आलेली तुझी धाकटी रिम्शा जुबेरने महिनाभर ठेवून घेतली, आणि तुझ्या भावाला, मुजाहिदला, चार माणसे घेऊन नवापूरहून यावे लागले. माझा मुलगा असला म्हणून काय झाले, त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवले नाही. पण मी बोललोही नाही.

तुझी थोरली अलिशा इथे ठीक आहे. दहावीचे वर्ष आहे. थोडी थकते, एवढेच. तुझी आठवण काढते, म्हणजे तोंडाने काढत नाही, पण तुझी जुनी ओढणी उशीखाली असते.

लिहायचे ते असे. रिम्शाच्या अकिक्याला, नाव ठेवले त्या दिवशी, मी तांब्याचा लोटा दिला होता. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाला मिळतो तसा, तिचे नाव मी स्वतः पोगराने ठिपका-ठिपका ठोकून घातलेला. घर सोडून जाताना तू तो बरोबर नेलास, याचा मला त्या दुःखातही आनंद झाला होता. तर तो लोटा आता वापरू नकोस. रात्रभर पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी मुलीने प्यायचे, हा रिवाज बंद कर. जमल्यास लोटा परत पाठव. कारण भेटीत सांगेन, पत्रात नीट उतरणार नाही.

नवापूरला यंदा आंबे चांगले मिळाले असतील. रिम्शाला प्यार.

तुझे अब्बा,
इद्रिस


नंदुरबार, ७ जुलै

चि. शकीलास दुआ.

लोटा पोचला. अंडी घेऊन येणाऱ्या टेंपोवाल्याने तो दुकानात ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सोबत मुजाहिदच्या अक्षरात एक चिठोरे होते. "ये लो आपका लोटा. और कुछ गिनना रह गया हो तो वो भी बोल दो."

माझा शाळासोबती उखा तेव्हा दुकानात बसला होता. धानोऱ्याहून बाजाराला आला की तो माझ्याकडे टेकतोच. त्याने चिठोरे वाचले आणि विचारले, "तू तिले काय लिखेल व्हतं?" मी माझ्या पत्राचा कच्चा खर्डा दाखवला. चष्मा वर सरकवून त्याने तो पुरता वाचला. म्हणाला, "इद्रिस, तू चिठ्ठी लिखी ऱ्हायना का निबंध? ठणठण लिखं, आंबा लिखा, पोरले काय व्हयनं ते लिखंच नही. तू लोटा मांगा, तिनी लोटा धाडी दिधा. ती काय चुकनी?"

सासर तुटले की दोन्हीकडची भांडी मोजून परत होतात, हे मी जन्मभर भांड्यांच्या दुकानात बसून पाहिले आहे. लोटा परत मागितला की आईला काय वाटेल, हे माझ्या लक्षात येऊ नये?

आता सरळ लिहितो. जुबेरने लिहू नका म्हणून सांगितले होते. मुलीची जात, बोभाटा झाला तर पुढे कोण विचारणार, हे त्याचे एक कारण. दुसरे तो बोलत नाही, पण मला कळते. अलिशा आजारी आहे असे समजले तर तू तिला घेऊन जाशील.

अलिशा आजारी आहे, शकीला. ठीक नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे अक्षर बारीक होत गेले, मुंगीएवढे. मॅडमनी वहीवर लाल शेरा मारला. मग हात थरथरायला लागला. सकाळी ती लोटा उचलायची आणि पाणी छातीवर सांडायचे. जुबेर म्हणाला, आईच्या आठवणीने झाले आहे, मन रमले की जाईल. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, अशक्तपणा आहे, तांब्याचे पाणी वाढवा. संध्याकाळीही देत होतो. माझ्या हाताने.

जानेवारीत शाळेत कवितापठण होते. मी तिला माझी आवडती शिकवली, नदीकाठच्या शेताची, आमच्या चौथीच्या पुस्तकातली. घरी चार ओळी म्हणेपर्यंत जीभ जड व्हायची. मी म्हणायचो, ठेका धर, बेटा, घावावर म्हण. स्टेजवर ती तिसऱ्या ओळीला अडकली. तोंडातून लाळ आली. पुढच्या रांगेतली मुले हसली. तीही हसत राहिली. ते हसू चेहऱ्यावरून जाईचना, आणि मला वाटले, पोर किती धीराची.

आणखी एक लिहितो आणि मग हा विषय मिटवतो. तिच्या बुबुळांभोवती एक तांबूस कड दिसायला लागली होती. उन्हात बसली की चमकायची. मी तिला कौतुकाने म्हणायचो, अल्लाहने तुझ्या डोळ्यांना तांब्याची कड बसवली आहे, तू खरी आपल्या घराची पोर. पाहुण्यांना बोलावून दाखवायचो.

ते तांबेच होते. शरीरातून बाहेर न गेलेले तांबे. सुरतच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली डोळा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली.

औषध सुरू आहे. पण हे पत्र अलिशासाठी नाही. हा आजार जन्माचा आहे, आईबापाकडून येतो आणि सख्ख्या भावंडांत असू शकतो. रिम्शाची तपासणी झाली पाहिजे. आजार असला आणि आत्ता सापडला, तर गोळी घेऊन ती तुझ्यामाझ्यासारखी जगेल, हात थरथरायच्या आधीच. उशीर झाला तर काय होते ते मी रोज भरवताना बघतो आहे.

तू परत पाठवलेला लोटा मी आतून पाहिला. चिंचेने घासलेला, लख्ख. म्हणजे परवापर्यंत ती त्यातूनच पीत होती.

लवकर कळव.

इद्रिस


नंदुरबार, १७ जुलै

चि. शकीला,

तुझे उत्तर नाही. पत्र पोचले नाही, की पोचून तुला खोटे वाटले? मी तुझ्या जागी असतो तर मलाही खोटेच वाटले असते. एकदा पोर अडकवून ठेवली, आता आजाराचे निमित्त काढले, असेच म्हणालो असतो.

म्हणून डॉक्टर काय म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहितो. त्या डॉ. चेतना, मूळच्या आपल्याकडच्या खापर गावच्या. आम्ही नंदुरबारचे म्हटल्यावर इंग्रजी सोडून मराठीवर आल्या. मी विचारले, "बाई, लोट्यामुळं झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा. तांबं डाळीत असतं, गव्हात असतं. सगळ्यांच्याच पोटात जातं. तुमच्या लोट्यानं भर पडली, पण खोट लोट्यात नाही."

मग कागदावर चित्र काढून दाखवले. यकृतातली एक पेशी, आणि तिच्या आत पुन्हा बारीक पडद्यांच्या पिशव्या. त्या पडद्यात एक प्रथिन रुतून बसलेले असते, थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे. पेशीत आलेल्या तांब्याच्या कणाला त्या आयन म्हणतात. प्रथिन अलीकडून आयन धरते, स्वतःचा आकार बदलते आणि पलीकडे सोडते. तिथून तांबे पित्तात जाते, पित्तातून शरीराबाहेर. असे जन्मभर चालते, आपल्याला पत्ताही नसतो. अलिशाच्या पेशीत ते प्रथिन मुळात नीट घडलेच नाही. तांबे येत राहिले आणि जाईना. आधी यकृत भरले. तेरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती, तूच तिला मांडीवर घेऊन बसली होतीस, ती साधी कावीळ नव्हती. मग ते रक्तातून मेंदूत गेले, डोळ्यांत गेले.

मी जन्मभर कल्हई केली. तांब्याचे भांडे आणि आतले आंबट वरण यांच्यामध्ये कथलाचा एक पापुद्रा असतो, नखाने खरवडला तर निघेल इतका. नवसागराचा धूर डोळ्यांत घेत मी हजारो भांड्यांना तो चढवला, दुसऱ्यांच्या लेकराबाळांना बाधू नये म्हणून. चित्र बघताना मला आपल्या भट्टीचीच आठवण येत होती. बाई बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात भाता ओढत होतो. मग जुबेरने कोपर मारले.

त्याने विचारले, "ही खोट कोणाकडून आली?" तुला माहीत आहे तो कसे विचारतो. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अर्धी तुमच्याकडून, अर्धी हिच्या आईकडून. एकाचीच असती तर मुलगी आजारी पडली नसती." तो बाहेर जाऊन उभा राहिला. तू माझ्या आतेभावाची मुलगी, हे स्थळ मीच पुढे होऊन जुळवले होते. एकाच रक्ताची खोट दोन्हीकडून आली, ती माझ्यामुळे.

रिम्शाला हा आजार असण्याची शक्यता चारातली एक आहे. नसण्याची तीन, हेही लिहितो.

तपासणी अशी. डोळे दिव्याखाली बघतात, रक्त घेतात आणि दिवसभराची लघवी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून देतात. दुखत नाही. निघालेच तर सुरुवातीला बहुधा जस्ताची गोळी देतात, ती पोटातच तांब्याला अडवते. तांब्यात जस्त मिसळून पितळ करणाऱ्यांची आपली जात. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या प्रथमच हसल्या.

तोवर कलेजी देऊ नकोस, तिला आवडते तरी. काजू, शेंगदाणे, चॉकलेट नको. आणि एक बघ. बशीत काठोकाठ चहा ओत आणि तिला म्हण, मामूला नेऊन दे. हिंदकळतो का ते बघ.

पण एक लक्षात ठेव. नाही सांडला तरी काही सिद्ध होत नाही. रिम्शाच्या वयाची असताना अलिशाने शबे-बरातच्या सणाला खिरीने भरलेल्या बशा अख्ख्या गल्लीत वाटल्या होत्या. एक थेंब सांडला नव्हता.

इद्रिस


नंदुरबार, २६ जुलै

चि. शकीला,

काल मी नवापूरला आलो होतो. तुला सांगितले की नाही, ठाऊक नाही.

जुबेर येतो म्हणत होता, मी नको म्हटले. त्याला बघून दार उघडण्याऐवजी कडी लागली असती. सकाळच्या गाडीने आलो, स्टेशनावरून चालत. गुडघे बरे नाहीत. तू कोंबड्यांच्या हॅचरीत कामाला गेली होतीस. मुजाहिद ओट्यावर आला, सलाम केला, प्लास्टिकची खुर्ची दिली, पाणी दिले. मग म्हणाला, "चाचा, पानी पियो, थोडा बैठो, और अगली गाडी से वापस जाओ. अंदर नहीं."

मी म्हटले, "बेटा, तू माझी पत्रे वाचलीस?"

"वाचली. बहोत अच्छा लिखते हो. पिछली बार जुबेरभाई ने भी फोन पे अच्छाच बोला था. दो दिन, मामू, खाली दो दिन."

"अलिशा खरंच आजारी आहे."

"तर तिला इथं आणा. आम्ही बघू."

"प्रवासात तिला गिळता येत नाही, मुजाहिद. ठसका लागतो."

तो दारातून हलला नाही. उंबऱ्यापाशी रिम्शाच्या चपला होत्या, गुलाबी, एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. आतून तिचा आवाज येत होता. पाढे म्हणत होती. मी कान टवकारून बसलो. अक्षर घसरते का, जीभ जड होते का, सात सक ला अडखळली ती विसरून की आणखी कशाने? इतक्या वर्षांत मी मुलांच्या तोंडून पाठांतर ऐकत आलो, आनंदानेच ऐकले. काल मी एकेक आकडा पारखत होतो. मग पलीकडच्या घरात कोणी टीव्ही लावला आणि ऐकूच येईना.

निघताना मी मुजाहिदला डॉक्टरांचे कागद दिले. त्याने न बघता खिशात घातले. म्हणाला, "चाचा, आपण बुजुर्ग आहात म्हणून बोलत नाही. पण या गल्लीत तुमच्या घरचं पुन्हा कोणी आलं, तर मी खुर्ची देणार नाही."

हे पत्रही आधी त्याच्याच हाती पडेल. तर मुजाहिद, तुला लिहितो. तू बहिणीच्या बाजूने उभा राहिलास, त्यात वावगे काही नाही. माझ्या घरात असा कोणी उभा राहिला असता तर ही वेळ आली नसती. आमच्याकडे रिम्शाला पाठवूच नकोस. तिला थेट सुरतला ने. गाडी तुझ्या दारावरून जाते. आम्ही कोणी तिथे येणार नाही, जुबेरच्या वतीने मी शब्द देतो. नाव, पत्ता, वार, सगळे त्या कागदांत आहे. आम्ही तिचे कोणीच नाही असे समज, आणि कुठल्याही दवाखान्यात ने.

शकीला, अलिशाबद्दल. औषधाने सुरुवातीला बिघडू शकते असे बाईंनी बजावले होते, तसेच झाले आहे. या आठवड्यात शब्द उमटत नाहीत. काल परत आल्यावर तिने खुणेने विचारले, रिम्शा दिसली का? मी खोटे बोललो. म्हटले, दिसली, उंच झाली आहे. तिने हाताने विचारले, किती? मी माझ्या खांद्याशी हात धरला. मग तिने माझा हात धरून थोडा खाली आणला. तिला माहीत होते.

इद्रिस


नंदुरबार, ३ ऑगस्ट

चि. शकीला,

हे पत्र टाकावे की नाही असे करत चार ओळी लिहितो आहे. डॉ. चेतनांचा फोन आला होता. नवापूरची मुलगी अजून आली नाही, म्हणाल्या. मी म्हटले, येईल. त्या म्हणाल्या, "बाबा, वाट बघण्यासारखा आजार नाही हा." जुबेर तिथेच होता. त्याने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "अब्बा, मी कोर्टातून लिहून देतो, रिम्शावर माझा हक्क नाही. मग तरी मानतील?" मी त्याला इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकले नव्हते. सकाळी तो वकिलाकडे गेला आहे.

मी काल भट्टी पेटवली. किती वर्षांनी. उखाने कोळसा आणून दिला आणि बसून बघत राहिला. म्हणाला, "आते कोन कल्हई करस रे? कसाले?" रिम्शाचा लोटा तापवला, नवसागर टाकला, कथील फिरवले, कापसाने आत पसरवले. डॉक्टर कल्हईलाही परवानगी देणार नाहीत, मला माहीत आहे. त्यातून कोणी पाणी पिणार नाही. पण हाताला दुसरे काही येत नाही. आत चांदीसारखा झाला आहे. अलिशाने तो मांडीवर घेतला आणि नावाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसली. हात थरथरत होता तरी रेघ सोडली नाही.

आमच्या पुस्तकात एक कविता होती, परगावी गेलेल्या

थांब, ओट्यावर कोणी आले आहे.

शकीला, मुजाहिद आहे. चौकटीत उभा आहे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात रिम्शाचा हात. मी म्हटले, आत ये. तो येईना. खाली बघत म्हणाला, "चाचा, बशी भरून दिली होती. तीनदा. एक थेंब नै सांडला."

मग त्याने पिशवी खाली ठेवली.

"फिर भी लेके आया. आपा स्टेशन पे बैठी है. म्हणाली, गल्लीत येणार नाही, पण दोघी मुलींना एकाच गाडीनं सुरतला नेऊ. अलिशाला मी उचलून घेतो. आप चलो."

मी त्याला म्हटले, दोन ओळी लिहून उठतो. म्हातारा चळला असे त्याला वाटले असेल. खरे म्हणजे रिम्शाच्या समोर जायची भीती वाटते, म्हणून लिहितो आहे. हे पत्र आता टपालात टाकायला नको. तो ते तुझ्या हातात देईल.

आतून अलिशाने लोटा खाली ठेवल्याचा आवाज आला. रिम्शा उंबऱ्यावर आहे, थेट उन्हात. माझ्याकडे बघून डोळे मोठे करते आहे, लहानपणी करायची तसे. मी उठतो. आधी तिला जवळ घेतो. डोळ्यांकडे मी बघणार नाही.